नळी कोणी दाबली?

ही घडलेली गोष्ट आहे. पदरचं काही घातलेलं नाही. ज्यांच्या बाबतीत घडली ते हेरंब कुलथे आज पंच्याहत्तरी ओलांडून साताऱ्यात राहतात. अजूनही शेजारच्या पोरांच्या खेळण्याची मोटर अचानक घरघरली की हातातला कप खाली ठेवतात.

दिवस होता २५ नोव्हेंबर १९९०. रविवार. जागा चंदीगड. वेळ साडेअकराची.

सकाळचे साडेअकरा. लख्ख ऊन होतं. मैदानावर दोनशे मुलं सतरंज्यांवर बसली होती. भ्यावं असं तिथे काहीच नव्हतं.

आणि तरीही...

पण त्याआधी महिनाभर मागे जायला हवं.

हेरंब तेव्हा हवाई दलात सार्जंट होते. इंजिन फिटर. दिवसभर मोठ्या विमानांच्या इंजिनांत हात काळे करायचे आणि घरी येऊन छोटी विमानं बनवायचे. रिमोटवर उडणारी, हलक्या लाकडाची, खरं इंजिन बसवलेली.

या वेडात त्यांना एकच जोडीदार होता. विश्वनाथ टेमकर. मूळचा वर्ध्याचा, मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. चाळिशी जवळ आलेली, लग्न केलेलं नाही, जाड भिंगांचा चष्मा. या इंजिनांना पेट्रोल चालत नाही. मिथेनॉल आणि एरंडेल तेल मिसळून द्यावं लागतं. ते मिश्रण विश्वनाथ करायचा. त्यामुळे त्याच्या शर्टाला, पिशवीला, केसांनासुद्धा एरंडेलाचा वास असायचा.

"भावजी आले," हेरंबांची बायको विनया दार उघडण्याआधीच म्हणायची. "वास पुढे आलाय."

दोघांची कामं ठरलेली होती. विमान उतरलं की हेरंब धावत जाऊन दोन्ही हातांनी शेपूट धरायचे. विश्वनाथ वाकून इंधनाची नळी चिमटीत दाबायचा आणि मोठ्याने मोजायचा. एक... दोन... तीन...

नळीत उरलेलं इंधन संपलं की इंजिन बंद. बरोबर अकराला.

हे एकट्याचं काम नव्हे. इंजिन चालू असताना विमान पुढे ओढत असतं. शेपूट सोडली तर ते पळतं. आणि त्याचा पंखा बोट तोडू शकतो.

त्या ऑक्टोबरात हेरंबांना एनसीसीच्या कार्यक्रमात विमान उडवून दाखवायचं आमंत्रण आलं. पंजाबात दहशतवाद पेटलेला, दिवस फार वाईट होते. संध्याकाळी रस्ते ओस पडायचे. रिमोट म्हटलं की पोलिसांचे कान उभे राहायचे. तीन कचेऱ्यांत खेटे घालून परवानगीचा कागद मिळाला. एवढी खटपट झाली म्हणून हेरंबांना या वेळी मोठं विमान हवं होतं, कुणी पाहिलं नसेल असं.

मोठ्या विमानाला मोठं इंजिन लागतं. वाद तिथेच सुरू झाला.

साध्या इंजिनाला टाकी अगदी पाठीशी चिकटून लागते. ती विमानाच्या नाकात येते. उडता उडता टाकी रिकामी होते, नाक हलकं होतं, विमानाचा तोल बदलत जातो. पंपाच्या इंजिनाचं तसं नसतं. त्याचा छोटा पंप दूरवरून इंधन ओढतो. टाकी विमानाच्या मध्यावर ठेवता येते. भरलेली असो की रिकामी, तोल तोच.

"पंपाचंच घ्यायचं," हेरंब म्हणाले.

"त्या पंपात कागदाएवढा पातळ पडदा असते बे," विश्वनाथ म्हणाला. "एरंडेल वाळलं का तो चिकटते. साधं घे. कमी भाग, कमी दगा."

"तू रक्त तपास. इंजिनाचं मला सांगू नकोस."

"सांगतो. तुह्या इंजिनाले रोज मीच तं दूध पाजतो!"

विनया हसली होती. तिने दोघांना पोह्यांच्या बशा दिल्या होत्या. हे सगळं हेरंबांना अजून जसंच्या तसं आठवतं.

चंदीगडजवळच्या खरड गावात एक निवृत्त सुभेदार राहायचे. कॅनडातल्या मुलाने त्यांना दोन इंजिनं पाठवली होती. एक साधं, एक पंपाचं. दोन्ही विकायची होती. हेरंबांची ड्यूटी होती.

"रविवारी जाऊ ना दोघं," विश्वनाथ म्हणाला.

"तोवर दुसरा कोणी घेऊन जाईल. तू आजच जा."

तो गेला.

दुपारी साडेचारला सेक्शनमधला फोन वाजला. विश्वनाथ खरडच्या एसटीडी बूथवरून बोलत होता.

"ऐक बे. साधं इंजिन समोर हाय. पंपाचं भावाच्या घरी ठेवलंय म्हनते म्हातारा. आनाले घंटाभर लागन. काय करू? साधं घेऊन येऊ का? पाचची बस भेटते मले."

हेरंबांनी क्षणभरही विचार केला नाही.

"पंपाचं. थांब तासभर."



"बरं," विश्वनाथ म्हणाला. "तुले पंपच पाह्यजे."

सव्वासहाच्या सुमारास बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर गोळीबार झाला. कोणी केला, कशासाठी केला, कधीच कळलं नाही. चार माणसं गेली. चौथा विश्वनाथ.

त्याचा मोठा भाऊ नरेश वर्ध्याहून आला. अस्थी घेऊन परत जाताना त्याने हेरंबांच्या दारात कापडी पिशवी ठेवली. आत खोका होता. खोक्यात पंपाचं इंजिन. कोरं करकरीत.

"हे तुमचं व्हतं म्हने," नरेश म्हणाला. त्याने हेरंबांकडे पाहिलं नाही.

त्या दिवशी फोनवर काय बोलणं झालं होतं, हे हेरंबांनी त्याला सांगितलं नाही. विनयालाही नाही.

"आता कशाला उडवता?" विनया म्हणाली. "कळवून टाका, जमणार नाही म्हणून."

"हेच इंजिन उडणार. नाहीतर तो कशासाठी गेला?"



हेरंबांनी विमान पुरं केलं. इंजिन बसवलं. टाकी मध्यावर ठेवली. नळी हातभर लांब झाली. दहा नोव्हेंबरला, भर दुपारी, क्वार्टरच्या मागच्या अंगणात विमान खुंट्याला बांधून त्यांनी इंजिन चालवलं.

पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज एकसारखा, गोड.

मग... आवाज चढला. इंधन कमी पडलं की चढतो तसा.

आणि बंद.

त्यांनी सुई फिरवून इंधन वाढवलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी मनात मोजलं. आवाज बदलल्यापासून बंद होईपर्यंत.

अकरा.

हेरंब फिटर होते. भुताखेतांत त्यांचं डोकं चालत नव्हतं. त्यांनी पंप उघडला. पडदा स्वच्छ. टाकीत हवा शिरायची वाट तपासली. मोकळी. मग नळी पाहिली...

नळी एका ठिकाणी चपटी झाली होती.

पंप जोरात ओढत असेल तर नळी चेपते, पण ती लांबच लांब चेपते. ही फक्त एका जागी चेपली होती. बोटाच्या रुंदीएवढी. दोन्ही बाजूंनी.

जणू कोणी चिमटीत धरून ठेवली होती.

त्यांनी नवी नळी लावली. पुन्हा चालवलं. या वेळी नजर नळीवरून हलवली नाही. काहीही झालं नाही. पूर्ण टाकी संपेस्तोवर इंजिन चाललं.

फक्त घरातून विनयाचा आवाज आला.

"अहो, कोण आलंय?"

"कोणी नाही. का?"

ती दारात आली. चेहरा पांढरा पडला होता.

"काही नाही. वास आला... पुढच्या दारातून."

त्यानंतर दोन आठवडे हेरंबांना धड झोप लागली नाही. उठायचे, इंजिन पाहायचे, पुन्हा पडायचे. रोज वाटायचं, साधं इंजिन मागून आणावं. रोज वाटायचं, मग फोनवर तेव्हाच 'साधं घे' असं का नाही म्हणालास?

पंचवीस तारीख आली.

मैदान सजलं होतं. बँड वाजून झाला. कॅडेट मुलं रांगेने बसली. विनया मागे बायकांच्या खुर्च्यांत होती. मदतीला हेरंबांनी कोणालाच घेतलं नव्हतं. विश्वनाथच्या जागी दुसरा माणूस उभा करणं त्यांना जमलं नाही.

हीच त्यांची चूक. या खेळातला कोणीही सांगेल.

विमान उडालं. आणि काय उडालं! गिरक्या, उलट्या, मैदानावरून खाली येऊन पुन्हा वर. तोल जरासुद्धा ढळला नाही. मुलं ओरडत होती. सात मिनिटांत हेरंबांच्या छातीवरचा दगड पहिल्यांदा थोडा सरकला.

विमान अलगद उतरलं. इंजिन मंद गतीवर फटफटत राहिलं. हेरंबांनी रिमोट गवतावर ठेवला, धावत जाऊन दोन्ही हातांनी शेपूट धरली.

आणि इंजिन... किंचाळलं.

पूर्ण वेगावर गेलं. आपोआप. रिमोट दहा पावलं मागे गवतात पडला होता. त्याला कोणाचाही हात लागला नव्हता.

विमानाने हेरंबांना गुडघ्यांवर खेचलं. मोठं इंजिन, मोठा पंखा. तोंड मुलांच्या रांगेकडे. पहिली रांग पंधरा पावलांवर. मुलांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. टाळ्या सुरू झाल्या.

"हटो! हटो बच्चों!"

इंजिनाच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही.

नळी त्यांच्या हातापासून तीन फुटांवर. एक हात सोडला तर विमान सुटणार. दोन्ही हातांतून शेपूट घसरत होती. लाकडाची फट पडल्याचा आवाज आला. कट्...

चौदा पावलं. तेरा.

तेव्हा, वर्षानुवर्षांची सवय म्हणून, त्यांच्या तोंडून निघून गेलं...

"विश्वा, दाब!"

वारा नव्हता. पण वास आला. एरंडेलाचा. जळलेल्या नव्हे, कच्च्या एरंडेलाचा. शर्टाला यायचा तसा.

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नळी चेपली.

एका जागी. दोन्ही बाजूंनी. तिथेच राहिली.

आवाज चढला. कर्कश झाला. मग फटफटला. मग थांबला.

पंखा एकदा मागेपुढे हलला आणि स्थिर झाला.

मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. हेरंब गवतात शेपूट धरून तसेच बसले होते. बोटं उघडत नव्हती. एनसीसीचे हवालदार हसत आले. "वाह कुलथे जी! आखिरवाला तो कमाल था!"

दोघं घरी आले. विनयाने पाणी दिलं. मग म्हणाली,

"तुम्ही केवढ्या मोठ्याने मोजत होतात हो! मागे माझ्यापर्यंत ऐकू आलं."

"काय मोजत होतो?"

"शेवटी, ते ओढत होतं तेव्हा. एक, दोन, तीन... अकरापर्यंत."

हेरंबांनी पेला खाली ठेवला. त्या वेळी त्यांचे दात एवढे घट्ट आवळले होते की दुसऱ्या दिवशीही जबडा दुखत होता. त्यांनी एकही आकडा मोजला नव्हता.

विनयाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलंच. तुम्ही नुसतं 'तीन' म्हणता. भावजी 'तीऽन' म्हणायचे, आणि मी तसंच ऐकलं."

त्या रात्री हेरंबांनी तिला फोनची गोष्ट सांगितली. पुढच्या महिन्यात वर्ध्याला जाऊन नरेशलाही सांगितली. नरेश ऐकून घेऊन उठला आणि आत निघून गेला. पुन्हा बाहेर आला नाही.

ऐकणारे म्हणतात, मित्र होता, वेळेला धावून आला. चांगलीच गोष्ट आहे.

हेरंब मान हलवतात. पण त्यांचं समाधान होत नाही.

कारण त्यांनी ते विमान नंतर पूर्ण उघडलं होतं. वेग वाढवणारी मोटर, तारा, बॅटरी, रिमोट, सगळं तीन तीनदा तपासलं. फिटरच्या नजरेने. कुठेही दोष नव्हता. इंजिन आपोआप पूर्ण वेगावर जाण्याचं एकही कारण त्यांना सापडलं नाही. आजपर्यंत नाही.

इंजिन अजून त्यांच्याकडे आहे. माळ्यावर, त्याच खोक्यात. चौतीस वर्षं चालवलेलं नाही. एवढ्या काळात एरंडेल वाळून पंपाचा पडदा चिकटायलाच हवा. दरवर्षी नोव्हेंबरात हेरंब ते उघडून पाहतात.

पडदा ओला असतो.

नळी कोणी दाबली, हे हेरंबांना पक्कं ठाऊक आहे. त्याबद्दल ते कोणाशी वाद घालत नाहीत.

त्यांची झोप उडते ती दुसऱ्याच प्रश्नाने.

त्याआधी ते इंजिन पूर्ण वेगावर कोणी सोडलं होतं...?