मिनिटाला सहा झोत

"पुन्हा मोज," कोकिळा म्हणाली. "नीट मोज, रघू."

दिवाळीच्या सुट्टीतली संध्याकाळ होती. आगरदांड्याजवळच्या त्यांच्या गावासमोर समुद्रावर धुरकं दाटलं होतं. बाबांची होडी अजून परतली नव्हती, आणि कोकिळाचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिचा धाकटा भाऊ रघू रामचंद्रमामाचं मनगटी घड्याळ घेऊन दीपगृहाचे झोत मोजत होता.

"मिनिटाला सहाच पडतायत, ताई."

कोकिळाला मामाचं दुपारचं बोलणं आठवलं. मामा मुंबईला एका गणकयंत्रावर काम करायचा. "यंत्राच्या पोटात घड्याळ असतं," तो सांगत होता. "त्याच्या ठोक्यावर सगळं काम चालतं. सेकंदाला दहा लाख ठोके पडले, तर एका ठोक्याला सेकंदाचा दहा लाखावा भाग मिळतो. ठोके दुप्पट केले, की एका ठोक्याचा वेळ निम्मा."

इथेही तोच हिशेब. मिनिटाला सहा झोत, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक. पण गावचा दिवा बारा सेकंदांचा, मिनिटाला पाच झोतांचा! दहा सेकंदांचा दिवा दक्षिणेला होता. तो दिसला की होड्या किनाऱ्याकडे वळत. इथे वळल्या तर थेट खडकावर.

दोघं दीपगृहाकडे धावत सुटली. दिवा सांभाळणारा बाबाजी खाली ओट्यावर पत्ते खेळत बसला होता.

"काका, दिवा जोरात फिरतोय," कोकिळा धापा टाकत म्हणाली.

"फिरतोय न्हवं? मंग झालं. दुपारीच पुसून, तेल घालून ठेवलाय."

कोकिळाने वाद घातला नाही. घड्याळ तिने त्याच्या पत्त्यांवर ठेवलं. "तुम्हीच मोजा. पाच भरले तर आम्ही निघतो."

बाबाजी हसत मोजू लागला. पाचवा झोत पडला तरी मिनिट संपायला दहा सेकंद उरले होते. त्याचं हसू मावळलं. सहावा पडला तसा तो उठून जिन्याकडे पळाला, पाठोपाठ दोघं. दिवा फिरवणाऱ्या लोंबत्या वजनावर दुपारी चुकून एक चकती जास्त चढली होती, त्या भाराने दिवा जोरात फिरत होता. त्याने ती उतरवली.

"पाच," रघूने पुन्हा मोजून सांगितलं.

तासाभराने होडी किनाऱ्याला लागली. बाबा चिंब भिजले होते. "दहा मोजलं आन् होडी वळवली," ते म्हणाले. "होडीतला सदू म्हनला, परत मोज. मोजलं तर बारा. म्होरं खडकाचा फेस दिसत व्हता."

"चूक माझी," बाबाजी खालच्या मानेने म्हणाला. "तुझ्या पोरीनं धरली."

बाबांनी कोकिळाच्या डोक्यावर ओला हात ठेवला. 

"चार घरची मानसं व्हती या होडीत, पोरी," ते म्हणाले. "चारी घरं तुझं नाव घेतील."