मुरीचं पथ्य

मुरीनं उलटी केली, ती नेमकी एका अनोळखी माणसाच्या चकचकीत बुटांवर.

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधली शेअर ऑटो होती. मागच्या सीटवर एका कडेला पांढऱ्या सुती साडीतल्या एक काकू, दुसऱ्या कडेला तो माणूस, आणि मधे अंग चोरून बसलेली कादंबरी. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली मुरी. मुरी म्हणजे बंगालीत चुरमुरे. पांढरी, हलकी, कुठेही ठेवली तरी मावेल अशी ती छोटीशी कुत्री घरी आली, तेव्हा कादंबरीच्या बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि हे नाव ठेवून टाकलं.

कादंबरी शरमेनं लालबुंद झाली. तिनं घाईघाईनं बंगालीत माफी मागितली, पर्समधला रुमाल काढला, आणि खाली वाकता वाकता मुरीच्या कानात मराठीत पुटपुटली, "शहाणे, जरा पलीकडे तरी तोंड करायचंस..."

"पलीकडे काकूंची पांढरी साडी आहे," तो माणूस मराठीत म्हणाला. "तिनं बरोबर निवड केली."

कादंबरीनं मान वर केली. सावळा चेहरा, हसू दाबून ठेवल्यामुळे किंचित वाकडे झालेले ओठ... आणि मराठी! तीन पिढ्या कोलकात्यात राहणाऱ्या मोघ्यांच्या मुलीला घराबाहेर मराठी ऐकू येण्याची सवय नव्हती.

"मी सिद्धेश नाडकर्णी," तो म्हणाला. "कस्टम्समध्ये आहे, खिदिरपूरला. आणि या बाईसाहेब?"

"मुरी."

"आणि तुम्ही?"

"कादंबरी."

"नाव कादंबरी, आणि बोलता एकेका शब्दात," तो म्हणाला.

तिला हसू येणार होतं, पण तेवढ्यात मुरीचं अंग पुन्हा एकदा आक्रसलं आणि ती विसरलीच. ऑटो दवाखान्यापाशी थांबली. ती उतरली, तर तोही उतरला.

"तुम्हाला इथेच उतरायचं होतं?"

"नाही, बरंच मागे. पण बूट धुवायला नळ लागेल. दवाखान्यात असेलच ना... एखादा?"

डॉक्टर मित्रा हसतमुख, पण मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मुरीचं पोट चाचपलं, कातडी चिमटीत धरून सोडली, हिरड्या पाहिल्या. दिवाळीच्या दिवसांत शेजारपाजारच्यांनी प्रेमानं तळकट भरवलेलं होतं, ते तिच्या आतड्यांना सोसलं नव्हतं. अंगातलं पाणी कमी झालं होतं. एवढ्याशा जिवाला तेही पुष्कळ होतं. डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली: इथे ठेवून सलाइन, रक्ताच्या तपासण्या, पोटाचे फोटो, नंतर परदेशी डब्यातलं खास अन्न...

"डॉक्टर," कादंबरीनं त्यांना मधेच थांबवलं. तिची मान ताठ होती. "हे सगळं मला परवडणार नाही. जे केल्याशिवाय ती जगणार नाही, तेवढं आधी सांगा. जे घरी करता येईल ते मी करीन, आणि नीट करीन."

दाराशी, ओल्या बुटांनी उभा असलेला सिद्धेश हे ऐकत होता. इतक्या सरळ आवाजात कुणाला 'परवडणार नाही' म्हणताना त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. लोक हे वाक्य एक तर गिळून टाकतात, नाहीतर रडवेले होऊन बोलतात. ही मुलगी ते बोलली आणि उलट थोडी उंचच दिसायला लागली.

डॉक्टर मित्रांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून त्या नीट समजावून सांगू लागल्या. उलटी थांबवायचं इंजेक्शन आत्ता. कातडीखालून सलाइन, त्यासाठी रोज दुपारी आणायचं आणि घेऊन जायचं. घरी मऊ भात, कातडी काढून उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा. तूप नाही, मीठ नाही, दूध नाही. चमच्यानं, थोडं थोडं, दिवसभर. "आणि पुन्हा पाणीसुद्धा पोटात ठरेना, तर कसलाही विचार न करता माझ्याकडे यायचं," त्या म्हणाल्या. "मग परवडण्याचं आपण दोघी मिळून बघू."

कादंबरीनं मान हलवली आणि ती पैसे द्यायला बाहेर आली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या त्या साहेबांनी दिलेत की."

साहेब फाटकाबाहेर, सातविणीच्या झाडाखाली उभे होते. झाड फुलांनी लगडलेलं होतं आणि त्याचा उग्र गोड वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता. कादंबरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, पर्स उघडली आणि त्यात होतं तेवढं सगळं त्याच्या हातात ठेवलं.

"उरलेले उद्या पोचतील. मी मागितले होते?"

"नाही. मला वाटलं—"

"तुम्हाला वाईट वाटलं, ते कळलं मला." तिचा आवाज चढला नव्हता. "आत मी जे बोलले ना, ते बोलायला सकाळपासून हिंमत गोळा करत होते. तुम्ही पैसे भरलेत आणि माझं बोलणं तिथल्या तिथे खोटं पाडलंत."

सिद्धेशच्या जिभेवर सबबी आल्या असतील, पण त्यानं एकही पुढे केली नाही. त्यानं नोटा घडी करून खिशात ठेवल्या.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आधी विचारायला हवं होतं." मग जरा थांबून— "आता विचारतो. काय हवंय तुम्हाला?"

'काही नको' हे दोन शब्द तिच्या ओठांवर तयारच होते. बाबांचा छापखाना बंद पडल्यापासून हे दोन शब्द तिनं नातेवाइकांना, शाळेतल्या मैत्रिणींना, सगळ्यांना ऐकवले होते. पण मुरीचं डोकं तिच्या दंडावर लोंबत होतं. बाबांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यांना घराबाहेर पडायची मनाई होती. आणि ती स्वतः दुपारी शाळेत गणित शिकवत असणार होती.

"दुपार," ती म्हणाली. हा एक शब्द उच्चारणं तिला फार जड गेलं. "दुपारी हिला न्यायला माझ्याकडे माणूस नाही."

"माझी ड्यूटी सध्या संध्याकाळची आहे," सिद्धेश म्हणाला. "दुपारी मी घरात पंख्याकडे बघत पडलेला असतो. पंख्याची काही हरकत नसावी."

आणि तो खरंच आला. दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या दिवशी, आणि नंतर रोजच. कादंबरी सकाळी भात-चिकन शिजवून, गाळून, डब्यात भरून जायची. सिद्धेश मुरीला दवाखान्यात न्यायचा, आणायचा, व्हरांड्यात मांडी घालून बसायचा आणि चमच्याचं टोक तिच्या तोंडाशी धरून तिची मनधरणी करायचा. शाळेच्या स्टाफरूममध्ये कादंबरीच्या फोनवर त्याचे निरोप येत.

'दोन चमचे भात. पोटात राहिला.'

'तुमच्या बाबांना संदेश मिठाईसह पकडलं. चौकशीअंती मुरीला न देता स्वतःच खात होते असं आढळलं.'

'बाईसाहेबांनी आज माझ्याकडे पाहून शेपूट हलवलं. त्यांच्या मालकिणीनं अजून तसं काही केलेलं नाही.'

शेवटचा निरोप वाचून कादंबरीनं फोन वहीखाली सरकवला, तरी गाल तापायचे ते तापलेच.

एकदा ती घरी लवकर परतली. तो निघायच्या तयारीत होता. "थांबा ना," ती म्हणाली. "चहा खाणार?"

सिद्धेशनं भुवया उंचावल्या. "खाऊ? चावून की गिळून?"

बंगालीत चहा खातातच. तिच्या जिभेला तीच सवय. ती ओशाळली, मग फणकाऱ्यानं म्हणाली, "आमच्याकडे खातात. प्यायचा असेल तर खिदिरपूरला जा."

"खातो, खातो," तो निमूटपणे पुन्हा बसला. "इथे काय वाटेल ते खातो मी."

खाटेवर पडलेल्या तिच्या बाबांनी, मनोहररावांनी, डोळ्यावरची हिरवी पट्टी सारखी केली आणि भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं.

मुरी सुधारत होती. आणि मग एका रविवारी सगळं फिसकटलं. शेजारच्या बंगाली वहिनींनी गरमागरम लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, पाठवल्या, आणि मनोहररावांना मुरीच्या डोळ्यांपुढे हार पत्करावी लागली. एवढासा तुकडा, त्यांना वाटलं. दुपारपर्यंत मुरी कोपऱ्यात निपचित पडली होती. सकाळचा भात बाहेर आला होता आणि ती डोळे उघडायला तयार नव्हती. मनोहरराव तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. "माझ्या हातानं झालं," एवढंच म्हणत राहिले. कादंबरीनं त्यांच्यावर राग काढला नाही. तिनं फक्त त्यांचा हात मुरीच्या पाठीवर ठेवला.

सुटीचा दिवस असूनही सिद्धेश निरोप मिळताच धावत आला होता. दवाखान्यात डॉक्टर मित्रांनी मुरीला तपासून इंजेक्शन दिलं आणि स्वच्छ सांगितलं, "ठेवून घेते, नाहीतर घरी न्या. अजून दोन्ही चालेल. घरी नेलीत तर चमचा चमचा पाणी, अजिबात खंड न पाडता. तेही उलटलं, तर मात्र इथेच."

कादंबरीनं सिद्धेशकडे पाहिलं. 'ठेवू या, मी बघतो' हे त्याच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यानं ते गिळलेलंही तिनं पाहिलं.

"तुम्ही सांगाल तसं," तो म्हणाला. "मी काय करू, ते सांगा."

"माझ्याबरोबर बसा," ती म्हणाली. "मी थकले की चमचा धरा."

ती सगळी दुपार ते दोघं व्हरांड्यात मुरीच्या दोन बाजूंना बसून होते. चमचाभर पाणी. वाट पाहायची. पुन्हा चमचाभर. तरी ती दुपार कादंबरीला रिकामी वाटली नाही. एकदा चमचा देता घेता बोटं बोटांना लागली आणि दोघांनीही ती लगेच मागे घेतली नाहीत...

"भीती वाटतेय?" त्यानं हळूच विचारलं.

"हो." मग ती म्हणाली, "हे मी कुणाला सांगत नाही."

"मीही कुणाला सांगणार नाही."

ऊन उतरलं. पाणी पोटात राहिलं होतं. खाली गल्लीत मासेवाल्यानं लांबलचक आरोळी दिली, तशी मुरीचे कान हलले. तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा, कशीबशी पुढच्या पायांवर उभी राहिली आणि मासेवाल्यावर भुंकली. भुंकणं कसलं, नुसता फाटका आवाज होता तो. पण आतून मनोहरराव हुंदका देऊन रडले, आणि इतके दिवस एकदाही न रडलेल्या कादंबरीनं सिद्धेशच्या खांद्यावर कपाळ टेकलं. तो जराही हलला नाही. श्वाससुद्धा बेतानं घेत राहिला.

महिना सरता सरता ती आणि सिद्धेश मुरीला शेवटचं दाखवायला घेऊन गेले. हिवाळा लागला होता, दवाखान्यात बसलेल्या अर्ध्याअधिक लोकांनी माकडटोप्या चढवल्या होत्या. मुरी स्वतःच्या पायांनी चालत आत शिरली आणि वजनाच्या काट्यावर राणीसारखी बसली.

डॉक्टर मित्रांनी काटा पाहिला, पुन्हा पाहिला. मग दार उघडून बाहेरच्या एका काळजीत बुडालेल्या म्हाताऱ्या जोडप्याला आत बोलावलं. त्यांच्याकडेही एक आजारी पिल्लू होतं, आणि खर्चाच्या विचारानं दोघांचेही चेहरे उतरले होते.

"या मुलीला विचारा," डॉक्टर त्यांना म्हणाल्या. "घरच्या भातावर आणि स्वतःच्या मेहनतीवर हिनं कुत्री उभी केलीय. मला यापेक्षा चांगलं जमलं नसतं."

 कादंबरीच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला, आणि छातीत काहीतरी ऊबदार, मोठं होत गेलं. तिनं त्या म्हाताऱ्या बाईंना भात किती मऊ हवा, चिकनचं पाणी कसं गाळायचं, सगळं सांगितलं. त्या निघताना तिचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या, मग सिद्धेशकडे वळून त्यांनी बंगालीत विचारलं, "आणि हे कोण गं तुझे?"

"हे माझे—" कादंबरी बंगालीत म्हणाली, आणि अडली. बाई समजुतीचं हसल्या आणि निघून गेल्या.

रस्त्यावर आल्यावर दोघं शेजारी शेजारी चालू लागले. मुरी पुढे, दोरी ताणून.

"तुमचं वाक्य अर्धं राहिलं आत," सिद्धेश म्हणाला. त्याचा नेहमीचा थट्टेचा सूर आज जागेवर नव्हता.

"माहितीये."

"मी माझं आधी पूर्ण करू? त्या पहिल्या दिवशी तुम्ही डॉक्टरांशी बोललात ना, तेव्हापासून मला तुमचा अभिमान वाटतो. पण तुमचा अभिमान वाटायला मी कोण, हेच मला कळत नाहीये. ते तुम्हीच सांगायला हवं. मी यापुढे विचारल्याशिवाय काही करत नाही."

कादंबरी थांबली. मुरीलाही नाइलाजानं थांबावं लागलं.

"मला कुणाचे उपकार घ्यायला येत नाहीत," ती म्हणाली. "शिकणारही नाही. पण त्या रविवारी तू शेजारी होतास आणि मला एकदाही असं वाटलं नाही की मी काही घेतेय."

'तू' तिच्या तोंडून निसटलेला नव्हता. तिनं तो जाणूनबुजून, सावकाश उच्चारला होता. सिद्धेशनं तो ऐकला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला, की तिला क्षणभर खाली पाहावं लागलं. पण क्षणभरच. मग तिनं मान वर केली आणि भर रस्त्यात त्याच्या डोळ्यांत पाहून, इतक्या दिवसांत तो ओळखू लागला होता त्याच सरळ आवाजात म्हणाली,

"तू माझा आहेस. कुणीही विचारलं तर असंच सांगत जा."