गुरुवारची भर

त्या मंगळवारी सकाळी आठला मी म्हैसूरच्या अग्रहारातल्या घरून गाडी काढली, तेव्हा माझ्यापुढे एक साधं काम होतं. पिरियापट्टणच्या अलीकडे गंगाधररावांच्या जागेत बारा पिंपं लाल वाइन होती. शिराझ द्राक्षांची, दीड वर्षाची. ती बाटल्यांत भरण्याआधी चाखायची, बरी असली तर आमच्या हॉटेलांसाठी सगळी धरून ठेवायची, नसली तर नाही म्हणायचं, आणि जेवायला घरी परत. बारा वर्षं मी हेच करते आहे. लोकांना वाटतं चैन आहे. कोवळी वाइन तोंडात घेतली की हिरडा चावल्यासारखं होतं. त्या तुरटपणाच्या आड दोन वर्षांनी काय निघणार आहे ते ओळखायचं आणि थुंकून टाकायचं. यात कसली चैन?

गंगाधरराव आमच्यासारखेच म्हैसूरचे जुने मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि काही लपवायचं असलं की दोन्ही एकदम. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग मांडला होता. गेल्या गेल्या त्यांनी मला व्हरांड्यात बसवून कॉफी दिली. मग दुसरी दिली.

"काका, पिंपांना भर कोण घालतं हल्ली?" मी विचारलं.

हा प्रश्न महत्त्वाचा होता. पिंपाच्या लाकडातून वाइन हळूहळू उडत असते. दर आठवड्याला बूच काढून ती रिकामी जागा वाइननंच भरावी लागते, नाहीतर आत हवा शिरते आणि सगळं आंबतं. गंगाधररावांकडे हे काम दत्तोजीराव करायचे, दर गुरुवारी. ते मार्चमध्ये वारले. आता जून संपत आला होता.

"घालतंय की," गंगाधरराव म्हणाले.

"कोण?"

"चाललंय ग सगळं. अजून स्वल्प कॉफी?"

"कोण घालतं, काका?"

"नोडु, हे बघ, उप्पीट तरी खा."

मी उठले. अशा माणसांपुढे माझं डोकं फिरतं. सरळ प्रश्न, चार अक्षरांचं उत्तर, आणि हे मला उप्पीट खायला घालतात!

तेवढ्यात तुंगा कुबडी टेकत आली. वाइन बनवणारी तीच. मार्चमध्येच स्कूटरवरून पडून तिचा पाय मोडला होता आणि त्यानंतर ती आज पहिल्यांदा कामावर येत होती. आम्ही दोघी पुढे निघालो, गंगाधरराव किल्ली घेऊन मागून.

पिंपं ठेवली होती ती जागा म्हणजे तंबाखू भट्टीवर सुकवायची जुनी कोठी. उंच, दोन हात जाड भिंतींची, एकही खिडकी नसलेली. दार लोटलं की बाहेरचं भर ऊन कुणीतरी फुंकर मारून विझवल्यासारखं व्हायचं. आत एकच पिवळा दिवा. ओल्या लाकडाचा वास, आणि त्याच्याखाली भिंतींत मुरलेला तंबाखूचा. दत्तोजीरावांनी याच कोठीत पंचवीस वर्षं तंबाखूची भट्टी राखली होती. पुढे तंबाखू गेला, पिंपं आली, पण माणूस तोच राहिला. मी त्यांना चांगली ओळखायचे. सैनिकाच्या घराण्यातले, ताठ, कमालीचे चिडके. कुणी बूच जमिनीवर ठेवलं, थेंब सांडला, की तोंडानं काही बोलायचे नाहीत. नुसते "च्च" करायचे. त्या एका आवाजानं माणूस ओशाळून जायचा.

आत गेल्यावर तुंगा माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "अक्का, भर घालायला ठेवलेली टाकी मी शेवटची आले तेव्हा लाखेनं बंद केली होती. लाख तशीच आहे. ऐंशी लिटर होती, ऐंशीच आहे."

"म्हणजे तीन महिने कुणीच भर घातली नाही?"

"कुणी नाही. पिंपामागे तीन-चार लिटर तरी उडाली असणार. आंबलीच समजा. म्हणून तर काका बोलत नाहीत."

म्हणजे माझी सकाळ फुकट गेली होती. मी चरफडतच पहिल्या पिंपाचं बूच काढलं आणि आत टॉर्च मारला.

पिंप काठोकाठ भरलेलं होतं. बुचाच्या भोकात वाइन थरथरत होती, अजून एक थेंब पडला तर बाहेर येईल अशी.

दुसरं उघडलं. काठोकाठ. तिसरं. चौथं...

"काका," मी मागे वळून म्हणाले, "कुठून तरी विकतची वाइन आणून यात ओतलीय तुम्ही. मला सांगायचं तरी."

"आईची शपथ, सुष्मा. मी बूचसुद्धा काढलेलं नाही."

काचेची लांब नळी घालून मी पहिल्या पिंपातली वाइन ग्लासात घेतली. आंबल्याचा मागमूस नव्हता. जांभळासारखा गडद रंग, मिरीचा वास, भक्कम अंग. पाणी घातलेली वाइन मला एका घोटात कळते. ही तशी नव्हती. फक्त शेवटी घसा फार कोरडा पडत होता, कोवळ्या वाइननं पडतो त्याहून कितीतरी जास्त. मी बादलीत थुंकले.

"च्च."

"काका, प्लीज," मी म्हणाले. "मला काम करू द्या."

"मी काय केलं?"

मी दुर्लक्ष केलं. दुसरं पिंप चाखलं, थुंकले. पुन्हा "च्च". या वेळी डावीकडून. गंगाधरराव उजवीकडे दाराशी उभे होते. तुंगानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मी पुढे सरकले. मला राग आला होता आणि राग असला की भीतीला जागा कमी मिळते, हे माझं जुनं औषध आहे. मी मुद्दाम मोठमोठ्यानं टिपणं सांगत राहिले, तुंगा लिहीत राहिली. पाचवं. सहावं. दर वेळी थुंकले की तो आवाज, आणि दर वेळी थोडा जवळून. बरोबर आणलेली पाण्याची बाटली मी कधीच संपवली होती. जीभ टाळ्याला चिकटत होती.

सातव्या पिंपातून मी एक नळी भरून घेतली आणि सवयीनं भोकात पाहिलं. पातळी खाली गेली नव्हती.

मी आणखी एक नळी काढली. मग आणखी एक. तुंगानं जग पुढे धरला. मी दहा-बारा नळ्या त्यात रिकाम्या केल्या, जवळजवळ दीड लिटर वाइन.

पिंप काठोकाठ होतं.

"अक्का... बादली बघा," तुंगा म्हणाली.

तासभर मी त्या बादलीत थुंकत होते. तळाला बोटभर तरी साचायला हवं होतं. मी टॉर्च खाली वळवला. बादली कोरडी होती. नुसती रिकामी नव्हे, पुसल्यासारखी कोरडी, तळाला लाल डागही नाही.

आणि माझ्या उजव्या कानाच्या अगदी मागे, श्वास लागेल इतक्या जवळून...

"च्च."

आम्ही तिघं बाहेर कसे आलो ते मला नीट आठवत नाही. उन्हात उभं राहिल्यावर गंगाधरराव रडायलाच लागले. म्हणाले, "मार्चपासून मी आत गेलो नाही ग. गुरुवारी बुचं काढल्याचे आवाज येतात. एकामागून एक, बाराही."

"आणि हे तुम्ही मला कॉफी पाजत सांगणार होतात?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

नसते आले. त्यांनी साठवलेलं सगळं त्या पिंपांत होतं, हे मलाही माहीत होतं. पण ज्या वाइनमध्ये काय पडलंय ते मला सांगता येत नाही, ती मी लोकांच्या पेल्यात ओतणार नव्हते. मी तसं स्पष्ट म्हणाले. वर हेही म्हणाले की ही दुसऱ्या कुणालाही विकू नका, ओतून टाका. तो सल्ला माझा होता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

अबकारी खात्याची परवानगी तीन दिवसांनी मिळाली. शनिवारी सकाळी दहाला ओतायला सुरुवात करायची ठरली. मधले तीन दिवस मी स्वतःवरच चिडत होते. बारा वर्षांचा अनुभव, आणि मी एका आवाजाला घाबरून पळाले? पिंपं आपोआप भरत नाहीत. कुणीतरी भरली होती. कोण, एवढंच मला हवं होतं. म्हणून शनिवारी कोठीवर जायच्या आधी मी पिरियापट्टणला दत्तोजीरावांच्या घरी गेले. त्यांच्या हाताखाली कुणी तयार झालं होतं का, कुणाकडे दुसरी किल्ली आहे का, हे त्यांच्या बायकोला विचारायला.

सुमित्राकाकू ओट्यावर बसून पाणी पीत होत्या. तांब्या तोंडाला लावून, घटाघटा. शेजारी कळशी.

"ये ग. बस," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांब्या भरला.

मी विचारलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग वैतागून हात झटकला.

"दुसरं कोण घालणार भर? हेच घालतात. मेल्यावर तरी माणसानं काम सोडावं की नको? दर गुरुवारी सकाळी बघावं तर माझा हंडा कोरडा. आधी वाटलं गळतोय. डाग द्यायला नेला तर तो माणूस म्हणाला, हंड्याला काहीच झालेलं नाही. मग मीच बुधवारी झोपताना काठोकाठ भरून ठेवायला लागले. न्या म्हटलं, काय न्यायचं ते. तेवढ्यावर भागत होतं."

"हंड्यात पाणी असतं, काकू. त्या पिंपांत पाणी नव्हतं."

"ते मला काय माहीत? मी पाणी ठेवते. तिथे जाऊन त्याचं काय होतं ते त्यांना विचार." त्यांनी तांब्या पुन्हा तोंडाला लावला. ओठांना भेगा पडल्या होत्या. "पण आज शनिवार. आज का असं होतंय कळत नाही. दहा वाजल्यापासून घसा नुसता सुकतोय. दोन कळश्या प्याले. जातच नाही तहान..."

माझ्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. कोठीतही दहालाच ओतायला सुरुवात झाली होती.

मी तुंगाला फोन लावला. ती म्हणाली, "नववं ओततोय, अक्का."

"थांबव! आत्ताच्या आत्ता थांबव!"

"अबकारीचे साहेब समोर उभे आहेत. ते नाही थांबणार, बाराही ओतायला लावणार."

मी मागे वळले तेव्हा सुमित्राकाकू ओट्यावर आडव्या झाल्या होत्या. डोळे उघडे होते, पण पापणी मिटली की ती लवकर सुटत नव्हती, इतके डोळे कोरडे.

जवळच्या दवाखान्यात त्यांना सलाइन लावलं. मी शेजारी बसले. सहा तास चालायची बाटली वीस मिनिटांत संपली. नर्सनं दुसरी लावली, तीही संपली. तिसऱ्या वेळी तिनं सुई काढून दुसऱ्या हाताला घातली. चौथ्या वेळी ती माझ्यावरच खेकसली, "तुम्ही नळीचं चाक फिरवलंत का?" मी नाही म्हटलं. तिनं वाकून गादी चाचपली, खाट चाचपली, जमीन पाहिली. सगळं कोरडं. "सुई ठीक, नळी ठीक," ती म्हणाली, "मग जातंय कुठे हे?" काकूंच्या हाताचं कातडं चिमटीत धरलं तर तसंच उभं राहत होतं.

पिंपं रिकामी होती तोवर काकूंचं पाणी जातच राहणार होतं. मला सुचलं ते मी केलं. व्हरांड्यात जाऊन पुन्हा तुंगाला फोन केला.

"पिंपं भर."

"कशानं? वाइन तर सगळी गेली, अक्का."

"पाण्यानं भर. टँकर मागव. बाराही, अगदी काठोकाठ. विचारू नकोस ग, भर फक्त!"

तिनं खरंच काही विचारलं नाही. टँकर यायला दीड तास लागला. तोवर आठ बाटल्या गेल्या होत्या आणि डॉक्टर म्हैसूरला हलवा म्हणत होते. नवव्या बाटलीतले थेंब मी बघत होते. भराभर, भराभर, धार लागल्यासारखे. मग जरा सुटे. मग एकेक. सव्वातीनच्या सुमाराला नळीतला थेंब लोंबत राहिला, थांबला, आणि शहाण्यासारखा सावकाश पडला. सुमित्राकाकूंच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी आलं. त्यांनी मला ओळखलं. "झालं का त्यांचं?" असं काहीतरी पुटपुटल्या आणि झोपल्या.

त्या वाचल्या. आता बऱ्या आहेत. गंगाधररावांनी कोठीला कुलूप घातलंय आणि तुंगा दर बुधवारी तिथे दाराशी पाणी ठेवून येते. कुणी सांगितलं नाही, ती आपणहून जाते.

पण त्या दिवशी संध्याकाळी, दवाखान्याच्या पायरीवर बसून चहा पीत असताना तिचा फोन आला होता. आवाज अगदी खाली होता.

"अक्का, बाराही भरली. काठोकाठ. मी स्वतः बघितली."

"मग आता काय?"

"एका पिंपात सव्वादोनशे लिटर मावतं. बारांत सत्तावीसशे." मागे टँकरवाला कुणावर तरी कन्नडमध्ये ओरडत होता. "टँकर चार हजारांचा होता, अक्का. तो रिकामा झालाय. मी नळी बारा पिंपांतच धरली होती... आणि कोठीत जमिनीवर एक थेंब नाही."