चार ठिकाणी चौकशी

मापनशास्त्र प्रयोगशाळेत एक पक्का नियम होता: एका वाचनावर विश्वास ठेवायचा नाही. शाल्मली खोपकर तिथे तापमापकांची अचूकता तपासायची. एकच तापमापक वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्याच्या कुंडांत बुडवायचा, पुन्हा पुन्हा वाचनं घ्यायची आणि ती जुळली तरच प्रमाणपत्र द्यायचं. त्यामुळे आयुष्यातलं पहिलं घर घ्यायची वेळ आली तेव्हा तिने नाशिकमधल्या गृहमध्यस्थांचीही तशीच तपासणी केली, यात नवल नव्हतं.

"पाचही जणांना भेटलीस?" डबा उघडता उघडता मुजावर सरांनी विचारलं. डॉ. इरफान मुजावर शेजारच्या विभागात निर्णयगणितावर संशोधन करत. "अगं, स्थळं बघताना तरी इतकी चौकशी केली होतीस का?"

"लग्न मोडता येतं, सर. मी मोडलंच की. घर घेतलं की घेतलं."

सर हसले आणि भाकरीचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "त्यांनी तुझं प्रतिमन बनवताना काही बोचलं वगैरे नाही ना?"

"कळलंसुद्धा नाही. प्रत्येकाकडे नुसत्या गप्पा मारल्या तासभर."

"गप्पाच लागतात. तू कुठे थांबतेस, कुठल्या प्रश्नाकडे परत वळतेस, आवाज कुठे घट्ट होतो, हे यंत्र टिपत असतं. त्यातून तुझ्या निर्णयांची गणिती प्रत तयार होते. ती तुझ्यासारखी बोलत नाही, पण तुझ्यासारखं ठरवते. मध्यस्थ तिला दोनशे घरं दाखवतो आणि तुला दोन."

"आणि भाव?"

"तोही तिलाच विचारून. ती कुठल्या आकड्याला हो म्हणते, कुठल्या आकड्याला उठून जाते, ते बघायचं. म्हणून तर मध्यस्थ प्रामाणिक हवा. तुझा शेवटचा आकडा त्याला तुझ्याआधी कळतो."

"म्हणूनच पाचही जणांना सारखे प्रश्न विचारले," शाल्मली म्हणाली. "ज्या ग्राहकाचं तुमच्यामुळे नुकसान झालं त्याचा नंबर द्याल का, असं विचारलं. चौघांनी टाळलं. तो सरपोतदार तर म्हणाला, मॅडम, घर घेताय की माझी तोंडी परीक्षा? एकट्या लोंढेबाईंनी दोन नंबर लिहून दिले. दोघांनाही फोन केला मी. दोघं म्हणाले, नुकसान झालं खरं, पण बाईंनी काही लपवलं नाही."

"निवड चांगली आहे." सरांनी लोणच्याची फोड बाजूला काढली. "आणि बाकीचे चौघे?"

"त्यांना नम्रपणे नाही कळवलं."

"ते नाही गं. ते आता काय करतायत?"

"मला काय करायचंय त्यांचं?" ती म्हणाली. तेवढ्यात कुंडाचा भोंगा वाजला आणि ती वाचन घ्यायला उठली.

घर कशासाठी हवंय, हे तिने पाचांपैकी कुणालाही सांगितलं नव्हतं. गरज दाखवली की भाव चढतो, एवढं तिला कळत होतं. आईच्या दृष्टिपटलाचा आजार आता औषधांना दाद देत नव्हता. पुढच्या दिवाळीपर्यंत दिसलं तर दिसलं, असं डॉक्टर म्हणाले होते. भाड्याची घरं दर दोन वर्षांनी बदलत. डोळे गेल्यावर आईला प्रत्येक वेळी नवीन घर चाचपडत शिकावं लागलं असतं. त्यापेक्षा एकच घर घ्यायचं, डोळे आहेत तोवर. दिसतंय तेवढ्यात आईने ते पाठ करायचं.

त्यासाठी शाल्मली वर्षभराची बिनपगारी रजा घेणार होती. घराचा भाव ही रजा शाबूत राहील इतकाच द्यायचा, त्यावर एक रुपयाही नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

लोंढेबाईंनी दाखवलेलं दुसरंच घर आईला आवडलं. तळमजला, एकाही दाराला उंबरा नाही, मागे कढीपत्त्याचं झाड. आईने दारात चप्पल काढली, डोळे मिटले आणि भिंतीला तळहात लावून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. ओट्याला हात लागताच ती लहान मुलीसारखी हसली.

"हे जमेल मला, शालू," ती म्हणाली. "कढीपत्ता तर वासावरूनच सापडेल."

आठवड्याने लोंढेबाईंनी शाल्मलीला एकटीलाच कचेरीत बोलावलं. चहा आला. बाईंनी स्वतःच्या कपाला हात लावला नाही.

"विकणाऱ्यांचा शेवटचा भाव आलाय," त्या म्हणाल्या आणि पडदा तिच्याकडे वळवला.

शाल्मलीने आकडा दोनदा वाचला. त्यात रजा पूर्ण जात होती. वर संध्याकाळच्या पाळीचा भत्ताही घ्यावा लागणार होता. आई दिवसभर घरात एकटीच राहिली असती.

"इतका बरोबर आकडा कसा काय?" तिने विचारलं. "म्हणजे, थोडा जास्त असता तर मी लगेच उठले असते."

"म्हणूनच जास्त नाही. शाल्मलीताई, विकणाऱ्यांनी मध्यस्थ म्हणून सरपोतदारला नेमलंय."

"पण मी त्याला नाही म्हटलं होतं."

"तुम्ही नाही म्हटलंत, म्हणून तर तो मोकळा होता. करार झाला की निष्ठा सुरू होते. त्याआधीच्या गप्पा म्हणजे त्याचं निरीक्षण, आणि निरीक्षण पुसायला कायदा सांगत नाही. तुमचं प्रतिमन त्याच्याकडे आहे. बाकीच्या तिघांकडेही आहे."

"आईचं मी एका शब्दानेही बोलले नव्हते."

"तुम्ही दिव्याची बटणं किती उंचीवर आहेत ते विचारलंत. उंबऱ्यांचं विचारलंत. आणि दोन्ही वेळा आवाज बदलला. मला जे कळलं, ते त्यालाही कळलं."

"मग दुसरं घर बघू."

"बघू की. पण विकणारा कुणीही असो, मध्यस्थ नेमल्याशिवाय त्याला विकता येत नाही. गावात परवाने पाच. मी तुमची. उरले तेच चौघे." बाईंनी आपला कप बाजूला सारला. "तुम्ही पहिल्या भेटीत मलाच घेतलं असतंत, किंवा त्या सरपोतदारला जरी घेतलं असतंत, तरी हे झालं नसतं. फार काळजीपूर्वक निवडलंत हो तुम्ही."

प्रयोगशाळेत तापमापक वाचन देतो आणि गप्प राहतो, असा विचार शाल्मलीच्या मनात आला. तो वाचणाऱ्याला वाचत नाही.

"ठीक आहे," ती खुर्चीत सरळ बसली. "त्याला माहितेय ती मी हे सगळं कळायच्या आधीची. आता मला कळलंय. मी नाही म्हणते. हे त्याच्या हिशेबात नसणार."

लोंढेबाईंनी मान खाली घातली. "काल रात्री मीही तसंच समजले. म्हणून तुमच्या प्रतिमनाला हे सगळं सांगून पाहिलं. सरपोतदारचं, चौघांचं, सगळं. त्यानेही पाहिलंच असणार, धंद्यात मुरलेला माणूस आहे."

"आणि?"

"आधी तुम्ही नाही म्हणता."

"आणि मग? बाई, मी मग काय करते?"

"हेच विचारता," लोंढेबाई हळूच म्हणाल्या. "मी काही बोलत नाही. मग तुम्ही आईंना सांगायला फोन लावता, की हे घर राहू दे."

शाल्मलीच्या हातात फोन आधीच होता. तिने तो टेबलावर पालथा ठेवला. भिंतीकडे पाहिलं, गार झालेल्या चहाकडे पाहिलं. मग पुन्हा उचलून लावला. सांगायचं तर होतंच, आज नाहीतर उद्या.

आईने पहिल्याच घंटेला उचलला.

"बरं झालं गं केलास. मी इथे डोळे मिटून त्या घरातून चालतेय मघापासून. सगळं आठवतंय. एकच अडलं. आत गेल्यावर दिव्याचं बटण कुठल्या हाताला?"

लोंढेबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पडद्यावर आकड्याखाली भाव मान्य करायच्या अंगठ्याची चौकट उघडी होती.

"शालू? आहेस ना?"

"उजव्या, आई," शाल्मली म्हणाली, आणि पडदा स्वतःकडे ओढला. "उजव्या हाताला."