कुंभारीण माशीची माती

शेलूबाजारच्या चौकीत फोन वाजला, तेव्हा फौजदार सुचिताबाईंचा चहा कपातच राहिला. भाजीच्या मळ्यातल्या नव्या घराचं न्हाणीघर पेटलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या तुळसाबाईंचे दोन्ही हात भाजले होते, त्यांना अकोल्याच्या दवाखान्यात हलवलं होतं.

अंगणात तुळसाबाईंचा मुलगा गजेंद्र वायरमन नरेंद्रची कॉलर धरून ओरडत होता. "याले आत टाका, मॅडम! हलकी वायर घातली यानं!"

नरेंद्र कॉलर सोडवत म्हणाला, "लहान गिझर होता, तवा अडीचची बारीक वायर अन् सोळा अँपिअरचा ब्रेकर बसवला मी, सोळाच्या वर भार गेला की पडून वीज तोडनारा. मंग यानं सात किलोवॅटचा शॉवर आनला. तीस अँपिअर ओढते तो! सहाची जाड वायर लागते म्हनलं, तर नवीन टाइल्स फोडू देईना."

मेन बंद करून सुचिताबाईंनी बोर्ड उघडला. ब्रेकर बत्तीसचा होता. भिंतीतली वायर वितळली, तरी पडला नव्हता.

"हा कोनं बसवला?"

"यानंच! दुसरं कोन?" गजेंद्र म्हणाला.

सुचिताबाईंनी ब्रेकर काढून घेतला. त्याच्या एका बाजूला वाळलेली माती चिकटली होती, कुंभारीण माशी घर बांधते तशी. नव्या घराच्या बंद बोर्डात ही माशी शिरली कुठून? त्यांना चैन पडेना.

"मळ्यातली मोटार चालू आहे?"

"आहे ना. वांग्याले पानी चालू आहे. काहून?" गजेंद्रनं विचारलं.

"चाल, दाखव."

विहिरीवरच्या पेटीत ब्रेकरच नव्हता. दोन वायरी पिळून मोटार डायरेक्ट जोडलेली. कोपऱ्यात माशीचं अर्धं घर. सुचिताबाईंनी ब्रेकर तिथे टेकवला. मातीला माती तंतोतंत जुळली.

"शॉवर लावला की सोळाचा पडे. म्हनून तू इथला बत्तीसचा काढून तिकडं बसवला. बत्तीसचा तीसवर पडतच नाही. भार गेला वायरीवर, अन् ती भिंतीत जळत राह्यली. खरं का नाही?"

गजेंद्र पेटीकडे पाहत म्हणाला, "माय साबन लावून कुडकुडत उभी राहे, मॅडम. पानी मधातच थंडं होये. मले पाहवे नाही."

सुचिताबाईंना त्याची कीव आली, रागही आला.

"ज्या सोळाच्या ब्रेकरले तू काढून फेकलं, तोच रोज तुह्या मायले वाचवून राह्यला होता."

"मायले नका सांगू."

"मी नाही सांगत. आधी नरेंद्रची माफी माग. मंग अकोल्याले चाल, तिले तूच सांग."