मिरवणुकीकडे पाठ

ही ऐकीव गोष्ट नव्हे. आमच्या खालच्या घरातल्या बसवाल्याची आहे, आणि त्याने ती एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं की उठून जायचा.

सतरा मार्च, मंगळवार. संध्याकाळी तो वडिलांची औषधं आणायला गेला. परत येताना जिन्यात थांबून खिशातला कागद पाहिला. डेपोत रोज एक यादी लावतात: उद्या कुठला रस्ता बंद, कुठे मोर्चा, कुठे शर्यत, गाडी कुठून वळवायची. हा ती उतरवून आणायचा. गाडीसाठी आणायचा, तशी झोपेसाठीही. चौथ्या मजल्यावरची गॅलरी थेट चौकावर. कधी दुकानाचं उद्घाटन, कधी पहाटे पाचला पळायची शर्यत, कधी कोण निवडून आलं म्हणून ढोल. बायको म्हणायची, गॅलरीत बाकं टाका आणि तिकिटं फाडायला तुमच्या कंडक्टरला बोलवा.

बायको त्या आठवड्यात बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. यादी कोरी होती. बसवाल्याला हायसं वाटलं. गेल्या महिन्यात सिग्नलला त्याचा डोळा लागला आणि बस पुढच्या टेम्पोला टेकली. डेपोच्या साहेबांनी सांगितलं होतं, अजून एकदा झालं की गाड्या धुवायला बसायचं. पहाटे पावणेपाचची पहिली गाडी त्याचीच.

म्हातारा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. वाहतूक पोलीस होता, चौतीस वर्षं. मिरवणूक निघाली की पोलिसाने टोपीचा पट्टा हनुवटीखाली आवळायचा आणि तोंड गर्दीकडे ठेवायचं, हा नियम. म्हणायचा, "सगळ्या गावाने मिरवणुका पाहिल्या. मी फक्त बघणाऱ्यांची तोंडं पाहिली." त्याला एकच हौस उरली होती, समोरून जाणारी एक मिरवणूक डोळे भरून बघायची. पण दिवसा मुलगा कामावर, सुनेला एकटीला तो उचलवायचा नाही. रात्री मुलाच्या अंगात त्राण नसायचं. रविवारी नेतो, म्हणायचा. आणि रविवारी चौक नेमका मुका.

त्या रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी म्हाताऱ्याने हाक मारली.

"आली बघ."

बसवाला उशीत तोंड खुपसून म्हणाला, यादीत काही नाही, झोपा. म्हातारा म्हणाला, यादी राहू दे, कान दे.

मग त्यालाही ऐकू आलं. आधी लांबून बँड. मग पावलं, शेकड्यांनी. पोरांचं रडणं, कुणाचं तरी खोकणं, लाऊडस्पीकरची खरखर. शिव्या घालत तो गॅलरीत गेला.

खाली कोणी नव्हतं.

सिग्नलचा पिवळा दिवा उघडमीट करत होता. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं झोपलेलं. बँड त्या कुत्र्यावरून गेला... त्याने कानही हलवला नाही.

बसवाला आत आला. दार लावलं. कडी घातली. सांगितलं, काही नाही.

"दिसत नसेल तुला," म्हातारा म्हणाला. "मला उचल. एकदाच."

"बाबा, मला पावणेचारला उठायचंय."

"दोन मिनिटं रे."

"सकाळी नेतो."

"सकाळी ही नसते..."

बसवाला उभा राहिला. म्हाताऱ्याचं वजन ते किती, चाळीस किलो. पण पाठ मोडून आली होती, डोळ्यांत वाळू. आणि भीती होती, हे त्याने सांगताना कबूल केलं. गॅलरीत पुन्हा जायची भीती. तो आडवा झाला. कानात कापूस कोंबला.

कापसातूनही ऐकू येत होतं.

आता अगदी खाली. आता जिन्यापाशी. मग शिट्टी. एक लांब. दोन आखूड.

सगळं थांबलं. एवढी माणसं, आणि एकही श्वास नाही...

पुन्हा शिट्टी. ही रस्त्यावरून आली नव्हती. आतल्या खोलीतून आली होती.

त्याने हाक मारली नाही. उठलाही नाही. पावलं पुन्हा सुरू झाली आणि त्यांच्या तालावर, देवाशपथ, त्याला झोप लागली. महिन्यात लागली नव्हती अशी.

पावणेचारला गजर झाला. आतल्या खोलीत दिवा लावला.

म्हातारा गेला होता. अंग गार. गॅलरीच्या दाराची कडी घातलेलीच.

पहिल्यांदा आम्हालाच बोलावलं त्याने. मी ओलं फडकं घेऊन तोंड पुसायला बसले, कारण मला वाटलं काजळी आहे. पुसून जाईना. दोन वर्षं ऊन न लागलेला माणूस, हातपाय कांद्याच्या कोंबासारखे पिवळे, आणि तोंड मात्र दिवसभर उन्हात उभं राहिल्यासारखं रापलेलं. नाकाची साल निघत होती. मान पाहिली, मागून पांढरीफटक.

बसवाला शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "मिरवणूक समोर होती की मागे, काकू? ते कळेल का?"

मी फडकं हनुवटीखाली फिरवलं. तिथे, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, बोटभर रुंद एक पांढरी रेघ होती. टोपीचा पट्टा घट्ट बांधला की उरते, तशी.