समोरची गादी

चर्चमधल्या, गुडघे टेकायच्या गाद्या आमच्या गादीकामाच्या दुकानात नव्याने भरायला आल्या तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "परत पाठव. त्या पाळकाचं काम मला नको."

"अगं, काम ते काम. गादीवर कसला राग?"

राग होता, अजून आहे. आमची लेक सहा वर्षांची, तापाने गेली. तिला पुरून परतताना हाच पाळक मला म्हणाला, "बाई, तुमचा विश्वास कमी पडला." तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणापासून पाठ केलेलं सगळं तिथेच विटलं. चर्चला मी रामराम ठोकला. नवरा मात्र दर रविवारी जातो आणि शेजारी माझी जागा धरून ठेवतो, वेडा.

मी गाद्या उसवल्या. जुन्या फोममध्ये पुढे गुडघ्यांचे दोन खड्डे, मागे नडग्यांचा पुसट दाब. माणूस कुठे तोंड करून बसला होता, ते त्यावरून कळतं. लेक चर्चमध्ये अशी गुडघे टेकून बसायची तेव्हा तिचा डावा गुडघा नेहमी पुढे. मी दटावायचे, "सरळ बस गं!"

नवा फोम भरून रेक्झिन ताणलं. नवा फोम दाबला की लगेच वर येतो. तयार गादी माझ्या खुर्चीसमोर ठेवली, आणि दुकानात कोणी नाही बघून देवावर तोंड सोडलं.

"मी नाही टेकणार गुडघे. तूच टेक माझ्यापुढे! आणि माझी पोर कुठे आहे, एवढं सांग!"

आत जाऊन चहा ठेवला. परत आले तर गादीत दोन खड्डे.

नवरा तेवढ्यात बाजारातून आला. मी त्याच्यावरच भडकले. "थट्टा सुचते तुला?"

"मी आत्ता येतोय," तो म्हणाला. हातात खिळ्यांची पुडी तशीच होती.

फोम खराब असेल म्हणून बदलला. दुपारी पुन्हा तेच. आता नीट पाहिलं. गुडघे माझ्या खुर्चीकडे, नडग्या भिंतीकडे. हात लावला. रेक्झिन कोमट होतं.

नवऱ्याचा आवाज चिरकला. "पाळकसाहेबांना बोलावू?"

"खबरदार! त्याचा देव आईलाच दोष देतो. हा तो नाही."

"मग कोण?"

"मला काय माहीत!"

मी दुसरी गादी ओढली आणि समोरासमोर गुडघे टेकले.

"प्रार्थना नाही हं ही. भांडायला बसलेय."

आणि भांडले. घसा बसेपर्यंत, नाक गळेपर्यंत. खड्डे वर आले नाहीत. समोरच्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"आता तरी सांग," मी म्हटलं.

रेक्झिन करकरलं.

त्या खड्ड्यांना खेटून आणखी दोन उमटले. अगदी लहान.

डावा थोडा पुढे.